शेकडा

निंबगव्हाणच्या पांढरीवर आता कोणी राहत नाही.
सीनेकडून चढत आलं की आधी बाभळी,
मग टेकाड, मग उभा चिरलेला एक बुरूज:
बाहेरून दोन हात दगड, आत नुसता चिखल,
आणि त्या चिखलावर
ज्यांच्या ज्यांच्या छपरांना माती लागली
त्या सगळ्यांच्या टिकावांचे घाव.
गढी अशीच गेली, पाटीपाटीने,
खालच्या गावातल्या धाब्यांवर.
आता तिच्यावर सांडगे वाळतात.

आम्ही चार खड्डे घेतले, पाच मीटर बाय पाच.
सुतळी, खुंट्या, ओळंबा.
निघेल ते लिहायचं काम माझं.
काचेची बांगडी, निळी, तुकडा.
जात्याची अर्धी तळी.
एक पेव, तळाशी कोळसा झालेली ज्वारी.
एक पैसा, इतका झिजलेला
की कुठल्या राजाचा ते तोच विसरलेला.
इथला धनी देशमुख की नाईक
की आणखी कोणी, कागद नाही.
सर म्हणाले, लिही: सरंजामी वस्ती, मध्ययुगीन.
लिहिलं.

चौथ्या खड्ड्यात माती लाल लागली.
लाल, मग काळी, मग राखेचा बोटभर थर.
जाळलीय गढी, सर म्हणाले, हल्ला झाला असणार.
मी 'हल्ला' लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं.
अंबूबाई विटकर पाटी ठेवून खाली उतरली,
राख चिमटीत घेऊन चोळली,
जिभेला लावली, थुंकली.
"हल्ला कशाचा? भट्टी हाय.
ह्यो भुसा. ही लीद.
वारं नदीकडनं यायचं,
म्हणून ह्या अंगाच्या विटा पिवळ्या ऱ्हायल्या.
पेटवणारा नवखा आसंल."
त्रेचाळीस डिग्री ऊन होतं.
सरांनी टोपी काढून पुन्हा घातली.
मी खोडरबर शोधू लागलो.

विटा रचल्या तशाच होत्या.
भाजल्या, आणि न्यायला कोणी आलंच नाही.
झाडता झाडता एकीवर अंगठा दिसला,
ओल्या मातीत दाबलेला, जरा तिरका.
पुढे आणखी एकीवर. तोच अंगठा,
नखाची कड दोन्हीकडे तुटकी.
सही असेल, मी म्हणालो.
किंवा देवाच्या नावाने काढून ठेवलेली वीट.
अंबूबाई म्हणाली, "मोज की."

मोजल्या. अंगठ्यापासून अंगठ्यापर्यंत
एकशे सात.
पुन्हा मोजल्या.
तिसऱ्या अंगठ्यापर्यंतही एकशे सात.
हा कुठला हिशेब, मी म्हणालो,
सहाने जात नाही, दहाने जात नाही.

ती हसली.
पदर तोंडात कोंबून, खड्ड्याच्या भिंतीला टेकून
(टेकू नका तिथं, थर ढासळतो, सर ओरडले)
डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.
"आरं, शेकडा हाय ह्यो!
शंभर पैशाच्या, वरच्या सात फुटीच्या.
फुटू देत न्हाईतर ऱ्हाऊ देत, सात धन्याच्या.
आमच्या शेठचा हजार एक हजार सत्तराचा.
तेच झालं की!"

त्या सातांतली एकही फुटलेली नव्हती.
मी दोनदा पाहिलं, भिंगातून.
कुठल्या रकान्यात लिहावं कळेना.
मापं, रंग, पोत यांचे रकाने होते.
शेवटी पानाच्या कडेला लिहिलं, बारीक अक्षरात,
नंतर कोणी वाचेल असं वाटून
किंवा वाचणार नाही असं वाटून.

संध्याकाळी मस्टर.
सवयीने मी शाईचा पॅड पुढे सरकवला.
तिने तो बाजूला केला, पेन मागितलं,
आणि माझ्या मांडीवरच्या वहीत वाकून
एकेक अक्षर थापल्यासारखं सही केली:
अं बू बा ई.
ई जरा रेघेबाहेर गेली.
मग पेनाचं टोपण लावता लावता विचारलं,
"तास किती धरले आज?"

आठ, मी म्हणालो.
नदीपलीकडे वीटभट्टीचा धूर सरळ वर चालला होता,
वारा पडलेला.
सकाळी सातला आलेलो आम्ही,
आणि सहा वाजून गेले होते.